पंच्याहत्तर युरो आणि वीस हजार रुपये : परदेशी थोडे पैसे पाठवायचे तर



सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवत होतो. नेहमीप्रमाणे विचारलं, "घरातलं एखादं उदाहरण सांगा." कुणी सेलमधली सूट सांगितली, कुणी दुधातलं फॅट. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, बाबा गावाला वीस हजार पाठवतात तेव्हा आजीला अठरा हजारच मिळतात. म्हणजे शेकडा दहा ना?"

गणित बरोबर होतं. पण त्या दिवशी माझं लक्ष गणितावरून उडालं. हा मुलगा नेपाळचा. रत्नागिरी-देवगड पट्ट्यात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हापूसच्या हंगामात बागेतल्या खोपीत राहणारा राखणदार बहुतेक वेळा तिकडचाच असतो. त्यांची मुलं आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि माध्यमिक शाळांत मराठीतून शिकतात, कविता पाठ करतात, कबड्डी खेळतात. त्यांच्या घरातला पैसा कुठल्या वाटेनं घरी जातो, हे मी पंधरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

वडिलांना शाळेत बोलावलं. त्यांचं गाव कैलाली जिल्ह्यात. जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे रोख द्यायची, तो मुंबईमार्गे उत्तर प्रदेशात, तिथून गौरीफंट्याच्या नाक्यावरून पलीकडे धनगढीला. नेण्याचे दोन हजार तो ठेवून घेणार. "और एक साल तो पूरा गया, सरजी." म्हणजे काय, तर नेणाऱ्यानं गाडीत बॅग चोरीला गेल्याचं सांगितलं. खरं-खोटं कोण बघणार? पावती नाही, साक्षीदार नाही. चार महिन्यांची शिल्लक होती ती.

याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी, वडील एसटीत कंडक्टर. मुलगी इंजिनिअर झाली आणि जर्मनीत पुढे शिकायचं म्हणून अर्ज करत होती. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज युनि-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत तपासले जातात. पहिल्या अर्जाचे ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाचे ३०. वडील सरळ बँकेत गेले, फॉर्म भरला, पैसे पाठवले. पंधरा दिवसांनी कळलं की तिकडे पूर्ण ७५ पोचलेच नाहीत, ६० च्या आसपास पोचले. शुल्क पूर्ण जमा झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि मुदत १५ जुलै. वडील माझ्याकडे आले ते रडकुंडीला येऊन. "सर, इथं माझ्याकडून जवळजवळ हजार रुपये जास्तीचे घेतले, आणि तरी तिकडे कमी पडले. मग ते पैसे गेले कुठे?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण पैसे "गेले कुठे" हे कळलं की स्वस्तात कसे पाठवायचे ते आपोआप कळतं.

पैसे जातात म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं की नोटांचं एक पाकीट विमानात बसून जर्मनीला जातं. तसं काही नसतं. बँका एकमेकींना निरोप पाठवतात. या निरोपांचं जाळं म्हणजे स्विफ्ट. ही संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली. स्विफ्ट स्वतः पैसे हलवत नाही, फक्त "अमक्याच्या खात्यात एवढे जमा करा" असा खात्रीशीर निरोप पोचवते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांतून. आपल्या बँकेचं त्या जर्मन बँकेत खातं नसेल तर मध्ये तिसरी बँक येते, कधी चौथीही. प्रत्येक जण आपला टोल घेतो. मुंबईला जाताना टोलनाके लागतात तसंच. फरक इतकाच की इथं नाके किती आणि टोल किती हे निघताना कुणी नीट सांगत नाही.

तर कंडक्टर साहेबांचे पैसे चार ठिकाणी गेले.

एक, बँकेचं पाठवणी शुल्क, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. दोन, दरातला फरक. बातम्यांत दिसतो तो युरोचा दर आपल्याला मिळत नाही. बँक विकताना स्वतःचा दर लावते आणि तो दोन-अडीच टक्क्यांनी सहज जास्त असतो. हा खर्च पावतीवर "शुल्क" म्हणून दिसत नाही, त्यामुळे लोकांना तो कळतच नाही. "आमच्याकडे शुल्क शून्य" अशी जाहिरात दिसली की पहिल्यांदा दर विचारायचा. तीन, चलन बदलण्याच्या सेवेवरचा जीएसटी. याचा हिशेब थोडा वेगळा आहे. एक लाखापर्यंतच्या रकमेला तिचा एक टक्का, पण कमीत कमी २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे कितीही लहान रक्कम असली तरी ४५ रुपये, आणि एक लाखाला १८० रुपये. हा भाग तसा किरकोळ आहे. आणि चौथा, मधल्या बँकांचा टोल. त्यांचे १५ युरो तिथेच गेले.

हा चौथा खर्च कोण भरणार, याची एक चौकट फॉर्मवर असते. ओयूआर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. एसएचए म्हणजे इकडचा आपला, वाटेतला आणि तिकडचा घेणाऱ्याचा. बीईएन म्हणजे सगळाच घेणाऱ्याचा. काउंटरवर कुणी काही विचारत नाही, सवयीनं एसएचएवर खूण होते. घरच्या माणसाला पैसे पाठवताना त्यानं फार बिघडत नाही. पण शुल्क भरताना समोरच्याला ठरलेली रक्कम पुरीच हवी असते, तिथे ओयूआरच हवं. एका खुणेपायी त्या मुलीचं वर्ष वाया जायची वेळ आली होती.

वर्गात करून बघण्यासारखं गणित

पुढचे आकडे मी गणितासाठी धरलेले आहेत, आपल्या बँकेचे खरे आकडे घालून बघा. समजा एक युरो म्हणजे १०० रुपये. ७५ युरो म्हणजे ७,५०० रुपये.

बँकेतून पाठवले तर : पाठवणी शुल्क ५०० आणि जीएसटी ९०, झाले ५९०. ओयूआर घेतलं म्हणून परदेशी बँकेचे १,२०० धरू. दरातला फरक २ टक्के, म्हणजे १५०. चलन बदलाचा जीएसटी ४५. एकूण १,९८५ रुपये. साडेसात हजार पाठवायला दोन हजार! शेकडा २६ च्या वर.

तेच कार्डानं भरले तर : आंतरराष्ट्रीय व्यवहारावर बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात. ७,५०० वर ते २६२ रुपये ५० पैसे, त्यावर जीएसटी सव्वासत्तेचाळीस. झाले साधारण ३१०. मार्कअप २ टक्के असलेलं कार्ड असेल तर १७७.

मग कार्डच कायम स्वस्त का? नाही, आणि खरी मजा इथेच आहे. एक लाख रुपये पाठवायचे असतील तर बँकेचा खर्च ५९० + १,२०० + २,००० + १८० = ३,९७० आणि कार्डाचा ३,५०० + ६३० = ४,१३०. इथे बँक स्वस्त झाली. कारण बँकेच्या खर्चात १,७९० रुपये ठाम आहेत, रक्कम कितीही असो. कार्डात ठाम असं काहीच नाही, सगळं टक्केवारीत.

नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवताना आपण वय आणि नाण्यांची तीच ती उदाहरणं देतो. त्याऐवजी हे द्या. एका रेषेचं समीकरण : य = १७९० + ०.०२१८ क्ष. दुसरीचं : य = ०.०४१३ क्ष. (पहिलं समीकरण २५,००० ते एक लाख या टप्प्यासाठी आहे, कारण त्याखाली जीएसटी ४५ वरच थांबतो. हुशार मुलं हे स्वतःहून पकडतात.) दोन्ही रेषा कुठे छेदतात? साधारण ९२ हजारांवर. त्याच्या अलीकडे कार्ड, पलीकडे बँक. माझ्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, पण आईच्या बँकेत पाठवणी शुल्क हजार आहे. मग छेदनबिंदू कुठे जाईल?" आलेख म्हणजे काय हे तिला त्या क्षणी कळलं.

कार्ड वापरताना काही गोष्टी आधी बघून ठेवा. कार्ड नवीन मिळतं तेव्हा ते फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियमच तसा आहे. ॲपमधून आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा लागतो, मर्यादा ठरवावी लागते आणि काम झालं की बंद करावा, हे उत्तम. सगळीच कार्डं बाहेर चालत नाहीत, विशेषतः छोट्या सहकारी बँकांची डेबिट कार्डं. ऐन मुदतीच्या रात्री हा शोध लागू नये. आणि एक फसवं वळण : परदेशी वेबसाइट कधीकधी आपुलकीनं विचारते, "रुपयांत पैसे भरायचे का?" नको म्हणायचं. युरोतलं शुल्क युरोतच भरायचं. रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीनं लावतात आणि वर आपली बँक काही वेळा परदेशी दुकानदार म्हणून वेगळं शुल्क घेतेच.

आमच्या मुलीचे राहिलेले पैसे शेवटी तिच्या भावाच्या कार्डावरून भरले, मुदतीच्या तीन दिवस आधी.

कागदपत्रांबद्दल उगाच भीती

पालकांना वाटतं परदेशी पैसे पाठवणं म्हणजे काहीतरी सरकारी लफडं. तसं नाही. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत विप्रेषण योजना २००४ पासून आहे. (नाव भयंकर आहे, बँकेत नुसतं "एलआरएस" म्हणा.) तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती, आता एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे. आपण मास्तर लोक त्या मर्यादेच्या आसपासही फिरकणार नाही. लागतं काय? पॅन, ए२ नावाचा फॉर्म आणि कशासाठी पाठवतोय याचा सांकेतिक क्रमांक. परदेशी राहून शिकण्याचा खर्च, घरबसल्या केलेल्या परदेशी अभ्यासक्रमाचं शुल्क, नातेवाइकाला भेट, कुटुंबाचा खर्च, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. चुकीचा टाकला तर पैसे अडकू शकतात, म्हणून शुल्काची पावती किंवा विद्यापीठाचं पत्र सोबत न्या. अज्ञान मुलाच्या नावानंही पाठवता येतात, तेव्हा फॉर्मवर सही पालकाची.

टीसीएसची भीतीही लहान रकमांना नको. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही.

गावात अडचण वेगळीच असते. पतसंस्थेत परकीय चलनाचं काम होत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या शाखेतही बऱ्याचदा होत नाही, कागद जिल्ह्याच्या शाखेला जातात. तेव्हा हेलपाटा वाचवायचा तर आधी फोन. बाजारात "मनी ट्रान्सफर" अशी पाटी दिसते तिथे लोक हमखास जातात. पण त्या दुकानांतली रिझर्व्ह बँकेची मनी ट्रान्सफर योजना फक्त बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी आहे. दुबईहून मुलगा पाठवतो ते तिथे मिळतं, तिथून बाहेर जात नाही. एखादा दुकानदार "मी पाठवतो की, पावती कशाला?" म्हणाला तर तो हवाला झाला. पेशवाईत सावकारांच्या हुंड्या चालत आणि तो चोख धंदा होता, पण आज परकीय चलनाच्या कायद्यात या वाटेला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. आणि हो, शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, फक्त "प्रक्रिया शुल्क" पाठवा, असा मेल आला तर पाठवण्याचा स्वस्त मार्ग शोधूच नका.

सिंगापूरला कुणी असेल तर एक नवी सोय आहे. २१ फेब्रुवारी २०२३ ला आपलं यूपीआय आणि त्यांचं पे-नाऊ जोडलं गेलं. मोबाइल नंबरवर, दिवसाला ६० हजार रुपयांपर्यंत, क्षणात. सगळ्या बँका इकडून पाठवू देत नाहीत, आपल्या ॲपमध्ये बघावं लागतं. भाचीच्या वाढदिवसाला दोन हजार पाठवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पॅरिसला किंवा दुबईला यूपीआय चालतं असं ऐकतो, ते मात्र तिथे जाऊन दुकानात क्यूआर स्कॅन करण्यापुरतं. इथून तिथल्या माणसाला पैसे पाठवण्याशी त्याचा संबंध नाही. पालकसभेत हा गोंधळ दर वेळी होतो.

आता आंब्याच्या बागेकडे

जगभरात परक्या देशात राबणारे लोक घरी पैसे पाठवतात तेव्हा सरासरी शंभरातले सहाहून जास्त वाटेत जातात, असं जागतिक बँकेची मोजणी सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत ते तीनच्या खाली आणायचं ठरवलंय. आमच्या मुलाचे दहा जात होते, आणि एका वर्षी शंभर.

गंमत म्हणजे भारतातून नेपाळला पैसे पाठवणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम असायला हवं, आणि आहेही. तिथे युरो-डॉलरची भानगड नाही. नेपाळशी व्यवहार रुपयांतच होतो आणि एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणजे दरात मार्जिन मारायला जागाच नाही. २० हजारांचे तिकडे ३२ हजार होतात, हे त्या मुलाला तोंडपाठ आहे.

रिझर्व्ह बँकेनं मे २००८ मध्ये इंडो-नेपाळ रेमिटन्स फॅसिलिटी सुरू केली. आपल्या नेहमीच्या एनईएफटीवरच ती चालते. आपल्या बँकेतून पैसे स्टेट बँकेकडे, तिथून नेपाळ एसबीआय बँकेकडे. घेणाऱ्याचं त्या बँकेत खातं असेल तर खात्यात जमा. नसेल तर तिथल्या मनी ट्रान्सफर केंद्रातून रोख मिळते. त्यासाठी पाठवणाऱ्यानं यूटीआर क्रमांक कळवायचा आणि घेणाऱ्यानं आपलं नागरिकता प्रमाणपत्र दाखवायचं. खर्च? शंभर रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी. ऑक्टोबर २०२१ पासून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्याचं इथे बँकेत खातंच नाही तोही रोख भरून पाठवू शकतो, एका वेळी ५० हजारांपर्यंत, वर्षातून बारा वेळा. योजना अशाच माणसांसाठी केलेली आहे.

पण योजना असणं आणि काउंटरवर ती मिळणं यात अंतर असतं. पहिल्या शाखेत आम्हाला सांगितलं, "नेपाळला? असं काही नसतं." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आधार आणा. तो नेपाळचा नागरिक, त्याच्याकडे आधार नव्हतं. मी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं छापून नेली. ओळखीसाठी मालकाचा फोटोसह दाखलाही विचारात घेता येतो, हे त्यात दाखवलं. बागमालकांनी लेटरहेडवर लिहून दिलं, तेही हसत हसत : "एवढी वर्षं आहे माझ्याकडे, पण मलाही कुणी सांगितलं नव्हतं." तिसऱ्या खेपेला काम झालं. रोख भरताना मुलगा सोबत होता, कारण फॉर्म त्यानंच भरला. वडिलांना देवनागरी वाचता येते, पण फॉर्म इंग्रजीत होता.

पालकहो, तुमच्या सोसायटीचा वॉचमन, हॉटेलातला आचारी, बागेतला राखणदार नेपाळचा असेल तर एकदा विचारा की घरी पैसे कसे पाठवता. आणि शाखेत त्याच्यासोबत जा. सातवीच्या मुलानं फॉर्म भरला तरी काउंटरपलीकडचा माणूस त्याचं ऐकत नाही, मास्तरांचं ऐकतो. हे बरोबर नाही, पण आहे असं.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. नाव नागरिकता प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच्या तसं लिहायचं. आजीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मुलानं शाळेत शिकलेल्या पद्धतीनं लिहिलं होतं, ते आम्ही फोटो मागवून दुरुस्त केलं. रोख घ्यायची असेल तर आठवड्याच्या आत घ्यावी लागते, नाहीतर पैसे परत येतात. आजीचं गाव डोंगरात, केंद्र बाजाराच्या ठिकाणी, म्हणून आधी फोन करून ती कधी उतरणार हे ठरवलं आणि मगच इकडे भरले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या मोबाइलवरून आजीशी बोलला. पावती हातात धरून यूटीआर क्रमांक एकेक आकडा, एकेक अक्षर करून नेपाळीत सांगत होता, आणि तिकडून कुणीतरी तो परत वाचून दाखवत होतं. मधेच एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. चार दिवसांनी वर्गात हात वर केला, "सर, या वेळचं शेकडा काढलं. अर्ध्याच्या पण आत येतं."